प्रकाशाचे माप आणि माणसाचा चेहरा

छायाचित्रणाच्या वर्गात नुकतेच नाव घातलेल्या तरुण-तरुणींची एक तक्रार हल्ली वारंवार कानी येते. हौसेने घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून ती वर्गात जातात आणि पहिल्याच दिवशी शिक्षक त्यांना कॅमेऱ्यावरील चकती ‘एम्’ या अक्षरावर आणून ठेवायला सांगतात. ‘एम्’ म्हणजे मॅन्युअल. यंत्राने काही ठरवायचे नाही, सारे छायाचित्रकाराने ठरवायचे, असा त्याचा अर्थ. त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस मोठ्या मनस्तापाचे जातात. एक चित्र कोळशासारखे काळे येते, तर दुसरे चुन्यासारखे पांढरे. इकडे घरात धाकटा भाऊ खिशातला फोन काढतो, एक बोट लावतो आणि नीटनेटके चित्र घेऊन मोकळा होतो. मग साहजिकच मनात येते की, जे काम यंत्र क्षणार्धात करते ते शिकण्यासाठी एवढी यातायात कशाला? आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न मोठ्या मार्मिकपणे विचारला. ती म्हणाली, “फादर, गिरणी दारात असताना जात्यावर का दळायचे?”

प्रश्न रास्त आहे. जात्यावरचे पीठ अधिक गोड लागते, असे सांगून त्याची बोळवण करता येणार नाही. परंतु गिरणीला गहू आणि नाचणी यांतील फरकच कळत नसेल, आणि ती पुढ्यात येईल ते सारे धान्य गहू समजून दळत असेल, तर गिरणीपाशी कोणीतरी जाणते माणूस उभे राहिले पाहिजे की नाही? कॅमेऱ्याची स्थिती पुष्कळशी अशीच आहे. ती कशी, हे आजच्या लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी वाचकांनी थोडा हिशेब सोसावा, अशी विनंती आहे. तो दुसरी-तिसरीतल्या दुपटी-निमपटीच्या पलीकडचा नाही.

समोरचा प्रकाश तोच असेल, तर चित्र किती उजळ यावे हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे भिंगातील छिद्र. त्याला छायाचित्रकार अ‍ॅपर्चर म्हणतात. दुसरी, झडप किती काळ उघडी राहते तो वेळ, म्हणजे शटरचा वेग. आणि तिसरी, ज्या पृष्ठावर चित्र उमटते त्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, म्हणजे आय.एस.ओ. या तिन्हींच्या जुळणीला एक्स्पोजर म्हणतात.

छिद्राचे आकडे भिंगावर किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर असे दिसतात : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. नवशिक्याला येथे दोन कोडी पडतात. पहिले कोडे असे की, आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते. याचे कारण, हा आकडा भागाकारातून आलेला आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे हा आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर व्यासाचे असेल तर तो एफ/२ झाला, साडेबारा मिलिमीटरचे असेल तर एफ/४. पाव भाकरी ही अर्ध्या भाकरीहून लहान असते, हे ध्यानात ठेवले की गोंधळ होत नाही. दुसरे कोडे म्हणजे हे आकडे असे वेडेवाकडे का? प्रकाश आत येतो तो छिद्राच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. प्रकाश नेमका निम्मा करावयाचा तर व्यासाला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने, भागावे लागते. म्हणून प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट आहे आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

शटरचे आकडे सरळ आहेत. सेकंदाचा १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० भाग. येथेही प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा. आय.एस.ओ.चे आकडे त्याहून सोपे : १००, २००, ४००, ८००, १६००. येथे प्रत्येक पायरीला दुप्पट. अमेरिकन ए.एस.ए. आणि जर्मन डी.आय.एन. अशी दोन परिमाणे पूर्वी फिल्मच्या डबीवर छापलेली असत. १९७४ मध्ये त्यांची सांगड घालून आय.एस.ओ. हे एकच परिमाण करण्यात आले. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात आय.एस.ओ. वाढविल्याने आत येणारा प्रकाश वाढत नाही. आलेला क्षीण संकेत तेवढा मोठा केला जातो. सभेत वक्त्याचा आवाज बारीक असला म्हणजे आपण ध्वनिक्षेपकाची कळ फिरवितो. आवाज मोठा होतो, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. चित्रात ही खरखर दाण्यांच्या रूपाने दिसते.

या दुपटी-निमपटीच्या एका पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. तिन्ही गोष्टी याच एका नाण्यात मोजल्या जात असल्याने त्यांची आपसांत देवघेव करता येते. १/१२५ सेकंद आणि एफ/१६, १/२५० आणि एफ/११, १/५०० आणि एफ/८, १/१००० आणि एफ/५.६ या चारही जोड्या सारखाच प्रकाश आत घेतात. मात्र चित्र सारखे येत नाही. धावणाऱ्या मुलाचे पाऊल १/१२५ ला पुसट होईल, १/१००० ला हवेत गोठलेले दिसेल. एफ/१६ ला पुढचा माणूस आणि मागचे कौलारू घर दोन्ही स्पष्ट येतील. छिद्र पुरते उघडले तर माणूस स्पष्ट आणि घर धूसर. म्हणजे प्रकाशाचा हिशेब एकच असला तरी तो कोणत्या नाण्यांनी चुकता करावा, हे चित्रात काय सांगायचे आहे त्यावरून ठरते. शिक्षकांनी चकती ‘एम्’वर आणायला लावली, त्यातला पहिला हेतू हा.

पण प्रकाश किती आहे हे समजायचे कसे? येथे आपले डोळे आपल्याला चकवितात. भर दुपारच्या उन्हातून आपण चर्चमध्ये पाऊल टाकतो, क्षणभर अंधारल्यासारखे होते, आणि दोन-चार मिनिटांत सारे पूर्ववत दिसू लागते. आत थोडा कमी उजेड आहे, एवढेच आपल्याला वाटते. वास्तविक तेथे बाहेरच्या सुमारे एक हजारांश प्रकाश असू शकतो. डोळ्याची बाहुली दोन मिलिमीटरपासून सुमारे आठ मिलिमीटरपर्यंत विस्फारते, आणि उरलेली तडजोड डोळ्याच्या आतील पडदा करतो. हे सारे आपल्या नकळत होते. कॅमेऱ्याला मात्र हिशेब द्यावाच लागतो. उन्हात आय.एस.ओ. १००, १/१२५ सेकंद आणि एफ/१६ असेल, तर दिवे लावलेल्या मोठ्या चर्चमध्ये आय.एस.ओ. १६००, १/६० सेकंद आणि एफ/२.८ असे काहीसे लागते. पायऱ्या मोजून पाहा. छिद्राच्या पाच, शटरची एक, आय.एस.ओ.च्या चार, अशा एकूण दहा. दहा वेळा दुप्पट केले म्हणजे १,०२४ पट होतात.

पूर्वीच्या छायाचित्रकारांना हा अंदाज नुसत्या नजरेने करावा लागे. इंदूर आणि हैदराबाद येथील आपल्या वाचकांना राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे नाव अपरिचित नसेल. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरीस लागले. तेथेच छायाचित्रणाचा नाद जडला, आणि पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या हाताशी विजेवर चालणारा प्रकाशमापक नव्हता. काचेच्या पट्टीची क्षमता, ऋतू, वेळ आणि आभाळ यांचा मेळ मनाशी घालून ते काम करीत. सेलेनियमच्या घटावर चालणारे प्रकाशमापक १९३० च्या दशकात बाजारात आले आणि १९३८ मध्ये कोडॅक कंपनीने स्वतः एक्स्पोजर ठरविणारा पहिला कॅमेरा विक्रीस काढला. १९६० च्या दशकात मापक भिंगामागेच जाऊन बसला, आणि आज तर तो प्रत्येक फोनात आहे. ही सोय लहान नाही. परंतु या मापकाच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, आणि ते ठाऊक नसले तर ही सोयच घात करते.

कॅमेऱ्यातील मापक मोजतो तो वस्तूवर पडणारा प्रकाश नव्हे, तर वस्तूवरून परत येणारा प्रकाश. पांढऱ्या भिंतीवरून पुष्कळ परत येतो, काळ्या छत्रीवरून अगदी थोडा. समोर भिंत आहे की छत्री, हे मापकाला दिसत नाही. त्याला फक्त एक आकडा दिसतो. म्हणून त्याच्या रचनाकारांनी असे धरून चालायचे ठरविले की, समोरचे सारे दृश्य सरासरीने मधल्या राखाडी रंगाचे आहे. छायाचित्राच्या दुकानात जो राखाडी पुठ्ठा मिळतो तो याच कल्पनेवर आधारलेला असून तो आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी १८ टक्के प्रकाश परत पाठवितो. सर्वसाधारण दृश्यात झाड, माती, आकाश, माणसे असे सारे मिसळलेले असते, तेव्हा हे गृहीत जमून जाते. पण दृश्य एकरंगी झाले की फसते.

याची प्रचीती घरबसल्या घेता येईल. एक धुतलेला पांढरा पंचा आणि एक काळी छत्री सावलीत शेजारी शेजारी ठेवा. कॅमेरा स्वयंचलित ठेवून एका चित्रात नुसता पंचा भरा, दुसऱ्यात नुसती छत्री. दोन्ही चित्रे पाहिल्यावर चकित व्हाल. पंचा मळकट राखाडी आलेला असेल आणि छत्री विटकी राखाडी. मापकाने पंच्याला म्हटले, ‘फार उजेड आहे, कमी करतो’; छत्रीला म्हटले, ‘फार अंधार आहे, वाढवितो.’ दोन्हींवर पडणारा प्रकाश मात्र एकच होता. पंचा पांढरा यावयाचा तर मापकाच्या सांगण्यापेक्षा सुमारे दीड ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो, आणि छत्री काळी यावयाची तर तेवढाच कमी. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास जी ‘झोन सिस्टीम’ बसविली, तिचे मर्म हेच आहे. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत त्यांनी क्रमवार पायऱ्या कल्पिल्या. मापक जे सांगतो ते मधल्या पायरीचे. समोरची वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची हे छायाचित्रकाराने ठरवायचे.

आता पंचा आणि छत्री बाजूला ठेवून माणसाकडे येऊ, कारण खरी अडचण तेथे आहे. आपल्याकडील विवाहविधीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. वधूच्या अंगावर पांढरा शुभ्र झगा, डोईवर पांढरे जाळीदार वस्त्र. शेजारी काळ्या सुटातला वर. दोघांचाही वर्ण सावळा. छायाचित्रकार कॅमेरा स्वयंचलित ठेवून वधूच्या जवळ जातो. चौकट पांढऱ्या झग्याने भरून जाते. ‘फार उजेड आहे,’ असे समजून मापक प्रकाश कमी करतो. झगा राखाडी होतो आणि आधीच सावळा असलेला चेहरा पार अंधारात बुडतो. मग छायाचित्रकार वराकडे वळतो. चौकट काळ्या सुटाने भरते, मापक प्रकाश वाढवितो, सुट विटका दिसतो आणि सदऱ्याची गळपट्टी भाजून निघाल्यासारखी पांढरी होते. एकाच वेदीपुढे, एकाच मिनिटात, एकाच दिव्याखाली उभ्या असलेल्या दोन माणसांची दोन भिन्न चित्रे! प्रकाश तर बदललाच नव्हता. बदलले होते ते कपडे.

मॅन्युअल पद्धतीची खरी उपयुक्तता येथे पटते. ज्याने विधी सुरू होण्यापूर्वी वेदीपुढे उभे राहून तेथील प्रकाश एकदा मोजून घेतला आणि तिन्ही आकडे पक्के केले, त्याला वधूसाठी एक आणि वरासाठी एक असा विचार करावा लागत नाही. प्रकाश बदलत नाही तोवर आकडे बदलायचे नाहीत, हा त्याचा नियम. पांढरे पांढरे येते, काळे काळे येते आणि सावळा चेहरा त्याच्या खऱ्या तुकतुकीसह येतो. ज्याच्यापाशी राखाडी पुठ्ठा नाही, त्याने आपला तळहात त्याच प्रकाशात धरून मोजावा. तळहात साधारणतः मधल्या राखाडीहून एक स्टॉप उजळ असतो, म्हणून मापकाच्या सांगण्यापेक्षा एक स्टॉप अधिक द्यावा. प्रत्येकाने आपला हात एकदा पुठ्ठ्याशी ताडून पाहिला की आयुष्यभराचे माप हाताशी, किंबहुना हातातच, राहते.

चेहऱ्याचा हा प्रश्न केवळ मापकापुरता नाही. रंगीत छायाचित्रांचा प्रसार झाला तेव्हा चित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुना-चित्र पुरवीत असे. १९५० च्या दशकापासून पुष्कळ वर्षे त्या चित्रात गौरवर्णीय स्त्री असे. त्या गोऱ्या कातडीचा रंग बरोबर उतरला म्हणजे यंत्र बरोबर चालले, असे समजावयाचे. निरनिराळ्या वर्णांच्या व्यक्ती त्या नमुन्यात आल्या त्या १९९० च्या दशकात. पुढे २०२१ मध्ये गूगल कंपनीने आपल्या पिक्सेल ६ या फोनबरोबर ‘रिअल टोन’ नावाची सुधारणा आणली, ती सावळे आणि काळे चेहरे अधिक यथार्थ उमटावेत याचसाठी. म्हणजे यंत्र काय ‘बरोबर’ मानते, हे ते घडविणाऱ्या माणसांनी आधी ठरविलेले असते. आजचे फोन चेहरा ओळखतात, एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांचे मिश्रण करतात, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले काम करतात, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तो अंदाजच असतो. कोणाला उजळ करावे, कोणाला गोरे दाखवावे, हे ते न विचारता ठरवितात. कित्येक घरांत मुलीचे स्थळासाठी काढलेले छायाचित्र मूळ वर्णापेक्षा दोन छटा उजळ असते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. सावळ्या माणसाचे सावळे आणि तरीही तेजस्वी चित्र काढता येते, हे माहीतच नसल्याने असे घडते.

याची किंमत पुढे मोजावी लागते. घरातील वडीलधारे माणूस देवाघरी गेले म्हणजे मृत्यूच्या बातमीसोबत छापण्यासाठी आणि थडग्यावर बसविण्यासाठी छायाचित्राची शोधाशोध होते. आयुष्यभरात त्या माणसाने स्वतःसाठी म्हणून एकही चित्र काढवून घेतलेले नसते. मग कोण्या नातवाच्या लग्नाच्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करतात. शेजारी पांढरा झगा, मागे लखलखता मांडव, आणि त्यांच्यामध्ये आजीचा चेहरा म्हणजे डोळे-नाक नसलेला एक काळा ठिपका. तंत्रज्ञ तो उजळ करू पाहतो. पण कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही ते मागाहून कोठून आणणार? अंधारातून ओढून काढलेल्या चेहऱ्यावर केवळ खरखर उरते. ज्या आजीने पाच-सहा लेकरांना वाढविले, तिच्या मुद्रेची एकही खरी खूण घरात उरू नये, ही काही लहानसहान हानी नव्हे. म्हणून त्या विद्यार्थिनीस आम्ही म्हटले, “बाळ, गिरणी खुशाल वापर, पण आज गहू आहे की नाचणी, हे सांगणारे माणूस तुला व्हायचे आहे.”

हे शिकावे कसे, याचाही थोडा विचार करू. तिन्ही आकड्यांशी एकाच वेळी झुंजू नये. क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. समोर काय हलते आहे, हा पहिला. बसलेल्या माणसाला १/१२५ पुरे. खेळणाऱ्या मुलांना १/५०० हवे. हातात कॅमेरा धरून ५० मिलिमीटरच्या भिंगाने १/५० हून अधिक वेळ झडप उघडी ठेवली तर आपल्याच हाताच्या कंपाने चित्र हलते, हेही लक्षात असावे. किती खोलवर स्पष्ट हवे, हा दुसरा. एका चेहऱ्याला एफ/२.८ किंवा एफ/४ चालेल. तीन रांगांच्या कुटुंबाला एफ/८ लागेल. या दोहोंची उत्तरे ठरली की उरलेली तूट आय.एस.ओ.ने भरून काढावी. काही खरखर आली तरी हरकत नाही. थोडे दाणेदार पण स्थिर चित्र हे स्वच्छ पण हललेल्या चित्राहून केव्हाही बरे.

उघड्यावर मापकाशिवायही काम चालते. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवावा आणि शटरचा छेद आय.एस.ओ.च्या आकड्याजवळचा घ्यावा, आय.एस.ओ. १०० ला १/१२५, ४०० ला १/५००. हा जुना नियम आहे. ऊन विरळ झाले तर एफ/११, ढगाळ असेल तर एफ/८, दाट ढगांखाली एफ/५.६. बेळगाव-खानापूरकडे आषाढात आभाळ जसे उतरते, तसे असेल तर आणखी एखादा स्टॉप द्यावा. असा महिनाभर सराव केला म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकताच आकडा मनात येऊ लागतो, आणि मापकाने भलतेच सांगितले तर ते आपल्याला खटकते. हे खटकणे म्हणजेच विद्या आली असे समजावे.

चुका पुष्कळ होतील, पण आज त्या स्वस्त आहेत. वडोदऱ्याच्या वाचकांना होमाई व्यारावाला ठाऊक असतील. १९१३ मध्ये नवसारी येथे जन्मलेल्या, भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता पावलेल्या या बाईंनी स्वातंत्र्याच्या काळातील दिल्ली कॅमेऱ्यात टिपून ठेवली. १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडले, पुढे त्या वडोदऱ्यात राहिल्या, आणि २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाल्यावर २०१२ मध्ये तेथेच निवर्तल्या. त्यांच्या काळी फ्लॅशचा एक दिवा एकदाच पेटे आणि फिल्म धुतल्याशिवाय चित्र कसे आले ते कळत नसे. पंतप्रधानांना किंवा परदेशी पाहुण्यांना ‘पुन्हा एकदा उभे राहा’ असे म्हणण्याची सोय नव्हती. आकडे आधी मनात तयार असावे लागत. आजच्या विद्यार्थ्याला चित्र तत्क्षणी पडद्यावर दिसते. त्याने फक्त एक करावे : चित्र आवडले नाही म्हणून लगेच पुसून न टाकता, छिद्र, शटर, आय.एस.ओ. आणि प्रकाश कसा होता, हे वहीत टिपावे. ती वही वर्षाअखेरीस कोणत्याही पुस्तकाहून अधिक उपयोगी पडेल.

आणि स्वयंचलित पद्धत कायमची सोडावी, असा आमचा मुळीच आग्रह नाही. मिरवणूक उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात चालली असताना आकडे फिरवीत बसणारा छायाचित्रकार मिरवणूकच गमावून बसेल. तेथे यंत्राला काम सांगावे. मात्र ते कोठे अडखळेल हे आपल्याला आधीच ठाऊक असावे.

तेव्हा ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांनी या आठवड्यात एक धडा अवश्य करून पाहावा. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला सकाळी खिडकीपाशी बसवावे. खिडकी तिच्या पाठीशी नको, एका कुशीला असू द्यावी. तिच्या गालाशी तळहात धरून प्रकाश मोजावा, एक स्टॉप अधिक द्यावा, १/१२५ सेकंद आणि एफ/४ ठेवून उरलेले आय.एस.ओ.वर सोपवावे. चेहऱ्याची सावलीकडील बाजू फारच काळी वाटली तर आकड्यांना हात लावू नये. त्या बाजूला कोणाला तरी पांढरी चादर धरायला सांगावे. चेहऱ्यावर प्रकाशच नसेल तर आकडे तो निर्माण करीत नाहीत. चित्र आले की ते फोनात दडवून न ठेवता कागदावर छापून आणावे आणि आजीच्या हातात द्यावे. बरोबर आले की नाही, हे मापकाला विचारू नये. आपण अशाच दिसतो का, हे आजीलाच विचारावे.